गरम असताना बंद करायची नाही

आमच्या घरात एक नियम होता आणि तो पाहुण्यांनाही पाठ झाला होता. पिवळी गरम असताना बंद करायची नाही. पिवळी म्हणजे शांताआत्याची मोटार. आत्या भाजी घ्यायला थांबली तरी इंजिन चालूच राहायचं. मी आत बसून राहायची आणि आत्या रस्त्याच्या कडेला आरामात वांगी निवडायची. पोस्टात पाकीट टाकायचं असो की कोणाकडे लग्नपत्रिका द्यायची असो, पिवळी दारात उभी राहून गुरगुरत असायची. एकदा आईची मावशी आली होती. तिला पोचवायला निघालो तर फाटकापाशीच बोलणं लांबलं, तेव्हा त्या म्हातारीनंच आत्याला दटावलं, "शांते, गाडी बंद नको करजो वं, मले एसटी पकडाची हाये." आता माझ्या भाच्याची गाडी चौकातल्या लाल दिव्यापाशी आपणहून बंद होते आणि दिवा हिरवा झाला की आपणहून सुरू होते. पहिल्यांदा ती तशी गप्प झाली तेव्हा मी "अरे, बंद नको करू!" म्हणून ओरडलेच. भाचा हसायला लागला. या वयात त्याला कुठून कुठवर सांगत बसणार!

आम्ही यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला राहायचो, औद्योगिक वसाहतीच्या कडेला. पुढच्या बाजूला बाबांची कूलर बनवायची शेड आणि मागे आमच्या तीन खोल्या. सगळ्या गावाला उन्हाळा नकोसा व्हायचा, आमच्याकडे मात्र तो आला की घरात चैतन्य यायचं. सकाळची वंदना संपली की शेडमध्ये पहिली हातोडी पडायची आणि मग दिवसभर पत्रा कापण्याचा, वाकवण्याचा, भोकं पाडण्याचा आवाज. त्या आवाजातच आम्ही जेवलो, झोपलो, परीक्षांचे अभ्यास केले. पंप तपासायला लावलेल्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आई दुपारी चार कामगारांसकट सगळ्यांचं जेवण करायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि माठाच्या गळ्याशी ओलं फडकं गुंडाळून ठेवलेलं कैरीचं पन्हं. रविवारी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात. आजही कुठे पत्र्यावर हातोडी वाजली की मला आधी भूक लागते.

शांताआत्या ही बाबांची धाकटी बहीण. आरोग्य खात्यात नोकरीला होती, खेड्याखेड्यांतून बाळंतिणींची विचारपूस करत हिंडायची. सरकारी जीपच्या ड्रायव्हरला रोज डब्यातली अर्धी भाजी देऊन ती त्याच्याकडून गाडी चालवायला शिकली होती. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर ती पदर खोचून म्हणायची, "फुरसत कुठी हाये?" पिवळी तिच्याकडे आली तीही अजब रीतीनं. यवतमाळच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलानं ती दोन दारांची गाडी शर्यतीसाठी घेतली होती. एकाच्या जागी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्ब्युरेटर, मनगटाएवढा जाड सायलेन्सर, आणखी काय काय त्यानं बसवून घेतलं होतं. मग तो परदेशी गेला आणि गाडी जिनिंगच्या आवारात सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. त्या व्यापाऱ्याला बंगल्यासाठी सहा मोठे कूलर हवे होते. तो बाबांना थट्टेनं म्हणाला, "कूलर द्या अन् गाडी घेऊन जा." बाबांनी ते हसण्यावारी नेलं. आत्यानं नेलं नाही. सहाव्या दिवशी सहा कूलर बंगल्यावर गेले होते, गाडी आमच्या अंगणात होती आणि आत्या तिच्याभोवती फिरत फडक्यानं धूळ पुसत होती. आयुष्यात सगळ्यात पहिल्यांदा जी वस्तू फक्त तिची होती, ती ही.

आणि काय गाडी होती ती! थंड असताना एका हाकेत उठायची. दोन्ही कार्ब्युरेटरनी एकदम श्वास घेतला की बोनेटखालून असा एक आवाज यायचा, जणू कोणी मोठं घंगाळ भरभरून रिकामं करतंय. दारव्हा रस्त्याला मोकळी वाट मिळाली की आत्या माझ्याकडे न बघताच म्हणायची, "सुजे, धर." मी दाराची मूठ धरायची आणि पाठ सीटला चिकटायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात फिजिक्स शिकणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी होते. त्या वेगानं मला वेड लावलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पण एकदा तापलेलं इंजिन बंद केलं की पिवळी रुसायची. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, फिरत राहायचं, पण पेट घ्यायचं नाही. पाऊण तासानं मात्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. त्या वर्षीच्या जयंतीला वस्तीतल्या पोरांनी पिवळीला मिरवणुकीत पुढं घेतलं. बोनेटवर निळा झेंडा, आत टोपी घालून बसलेली लहान मुलं, चाकाशी आत्या. दोन तास गोगलगायीच्या चालीनं गाडी चालली आणि भर चौकात, लेझीम रंगात आलेली असताना, कोणाला तरी वाट द्यायला थांबताना बंद पडली. ती काही परत उठेना. शेवटी लेझीमवाल्या पोरांनी ती ढकलायला घेतली, आणि ढोलाच्या ठेक्यावर, दोन पावलं पुढे आणि एक दणका, अशी ती थेट विहारापर्यंत ढकलत नेली. लोक हसून हसून बेजार झाले. आत्याही त्या वेळी हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या ऑफिसात तिला "ढकलबाई" म्हणायला लागले, आणि मग ती डब्यातली भाकर तशीच परत आणू लागली.

बाबांना ते फार लागलं. ते रागावणारे नव्हते, पण त्या आठवड्यात जेवताना त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "शांते, लोक तुले हसतात ते मले पाहवत नाही. अमरावतीचा एक जण जुन्या गाड्या खोलून पार्ट विकते. त्याले मी बोलावलं हाये. जाऊ दे आता."

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "कधी येते तो?"

"सोमवारनंतरच्या सोमवारी."

"मंग त्याच्या आधीचा रविवार माहा हाये," आत्या म्हणाली. "मी रॅलीत नाव देल्लं."

ही रॅली म्हणजे यवतमाळच्या काही हौशी लोकांनी ठरवलेली मोटारींची स्पर्धा. यवतमाळहून आर्णीमार्गे महागावला जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. कोण सगळ्यात जोरात जातं ते बघायचं नव्हतं. नेमून दिलेल्या वेगानं, नेमून दिलेल्या वेळी प्रत्येक ठिकाणी पोचायचं. लवकर पोचलात तरी गुण जाणार, उशिरा पोचलात तरी जाणार. म्हणून ड्रायव्हरशेजारी हिशेब करणारा एक जण लागायचा, आणि आत्यानं मला न विचारताच माझं नाव टाकलं होतं. मी आनंदानं उडीच मारली. मग मी नियमांचा कागद वाचला आणि मधल्या एका ओळीवर थबकले. महागावला अर्धा तास थांबा. सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद. बोनेट उघडायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. पुकारा झाला की एका मिनिटात आपल्या बळावर सुरू करून निघायचं. ढकलली तर स्पर्धेतून बाद.

भर वैशाखात, दुपारी, अर्धा तास! पिवळीसाठी याहून वाईट जागा आणि वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. मी कागद आत्याला दाखवला. ती म्हणाली, "वाचलं मी थे. म्हणून त नाव देल्लं."

आमच्याकडे अकरा दिवस होते. पहिल्याच सकाळी आम्ही रशीदचाचांकडे गेलो. बस स्थानकामागे त्यांचं गॅरेज होतं आणि गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बेटा, गर्मीत पेट्रोलची भाप होते ना, मग पंप काय खेचन? हवा? पंपावर गीला कपडा ठेव." ते काही चुकीचं सांगत नव्हते. उन्हाळ्यात आमच्याकडच्या किती तरी गाड्यांच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं बांधलेलं असायचंच. आम्हीही बांधलं. जुनं धोतर चार पदरी करून, माठातल्या पाण्यानं भिजवून. पिवळीवर काडीचा परिणाम झाला नाही.

मग मी माझ्या प्रयोगवहीची मागची पानं उघडली. रोज दुपारी कॉलेजातून आले की आत्या आणि मी गाडी यवतमाळपर्यंत पळवून परत आणायचो, अंगणात उन्हात बंद करायचो आणि मी गजराचं घड्याळ घेऊन पायरीवर बसायची. दोन मिनिटांनी सुरू झाली. पाच मिनिटांनी खोकली, पण सुरू झाली. दहा मिनिटांनी नाही. वीस मिनिटांनी नाही. तीसलाही नाही. पन्नास मिनिटांनी सुरू, पण काळा धूर सोडून. तो काळा धूर माझ्या डोक्यातून जाईना. पेट्रोल पोचतच नसेल तर धूर काळा का यावा?

उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरात. आई शेगडीवर दूध तापवत होती. दूध वर आलं की ती फुंकर घालायची, ते खाली बसायचं. तेवढ्यात बाहेरून कामगारानं हाक मारली, आईनं मान वळवली, फुंकर थांबली आणि दूध भसकन उतू गेलं. आई "अगं बाई" म्हणत फडकं शोधायला लागली आणि मी तशीच उभी. गाडी चालते तेव्हा वारा लागतो, टाकीतून ताजं गार पेट्रोल येत राहतं. गाडी बंद केली की दोन्ही थांबतं. पण त्या जाड सायलेन्सरचे पाइप तर बरोबर कार्ब्युरेटरच्या खालून गेले होते, तापून लाल! वर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उतू जात असणार, आणि जाणार कुठं? थेट इंजिनात. गाडीला पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं.

मी अंगणात धावले. "आत्या, गाडी तापव!"

"आता? जेवाले बसून राह्यली नं मी."

"मग जेव. आधी तापव!"

आम्ही गाडी तापवली, बंद केली, पंधरा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. नेहमीप्रमाणेच ती उठली नाही. मी हाताला गोणपाट गुंडाळून एक प्लग खोलला. तो ओलाचिंब होता, टोकावरून पेट्रोल ठिबकत होतं. मला इतका आनंद झाला की तो गरम प्लग मी फडक्यात गुंडाळला, सायकल काढली आणि भर दुपारी रशीदचाचांचं गॅरेज गाठलं. चाचांनी तो नाकाशी धरला, फिरवून पाहिला. मग म्हणाले, "अरे, हा तर आंघोळ करून आला." आणि आपल्या कारागिरांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी चुकलो, ही पोरगी बरोबर." पुढे मी पंचवीसेक वर्षं मुलांना फिजिक्स शिकवलं. चूक कबूल करायची तर ती अशी मोठ्यानं करावी, हे मी त्या गॅरेजात शिकले. वर्गात किती वेळा ते उपयोगी पडलं!

पुढचे चार दिवस शेडमध्ये दोन कारखाने चालले. एकीकडे कूलर आणि एकीकडे पिवळी. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारं काहीतरी हवं होतं. कूलरच्या स्विचबोर्डांसाठी बाबांकडे बॅकेलाइटच्या जाड पट्ट्या असायच्या. मी त्यातली एक मागितली तेव्हा बाबांनी नुसतं बोट दाखवलं. चाचांनी तिचे दोन तुकडे घासून, भोकं पाडून बसवले. मग मी कार्ब्युरेटरच्या खाली बसेल असा पत्र्याचा आडोसा कागदावर काढला. तो कापायला घेतला तेव्हा माझा हात वाकडा चालला. मागून बाबांचा आवाज आला, "आण इकडं. पत्रा असा कापतात का?" त्यांनी तो कापला, कडा दुमडल्या, मध्ये हवा खेळावी म्हणून दोन थर केले. तरीही आत्याशी एक शब्द बोलले नाहीत. चाचांनी वाटीतलं पेट्रोल जरा खालच्या पातळीला राहील असं करून दिलं आणि आत्याला बजावलं, "गरम असेल तर एक्सिलेटरचा पैडल पूरा दाबून धरायचा. वरखाली नाही करायचा. हवा जाऊ दे आत."

शुक्रवारी दुपारी आम्ही परीक्षा घेतली. वीस मिनिटं. आत्यानं किल्ली फिरवली. इंजिननं पेट घेतला! मी टाळ्या पिटल्या. पुन्हा तापवली, पुन्हा बंद केली, आणि या वेळी पिवळीनं नवंच नाटक काढलं. इंजिन फिरेचना. घ्यां... घ्यां... असं दोनदा कण्हून गप्प. बॅटरी तर नवी होती. आत्यानं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "जाऊ दे सुजे. लय केलं तू."

मला रडू फुटलं. एक खोड काढली की तिच्याआड दडलेली दुसरी बाहेर आली होती आणि मध्ये एकच दिवस उरला होता. शेडमधला हातोडीचा आवाज थांबला. बाबा बाहेर आले, हात पुसले, आणि आत्याला म्हणाले, "अजून एकदा मार."

आत्यानं सेल्फ मारला. बाबांनी बोनेटमध्ये वाकून एकेक तार बोटांनी चाचपली आणि इंजिनापासून गाडीच्या अंगाला गेलेल्या एका जाड पट्टीला हात लागताच "आयो!" करून मागे सरले. बोटावर फोड आला होता आणि चेहऱ्यावर, खरं सांगते, हसू होतं. "तार गरम म्हणजे जोडणी खराब. हे त आपलं रोजचं काम हाये बे! पाहा, रंगावरच नट आवळला त्या शर्यतवाल्यानं. करंट जाईन कसा?" त्यांनी पट्टी काढली, खालचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडला, नवी जाड तार टाकली. मग ते पायरीवर माझ्याशेजारी बसले, फोडावर फुंकर घालत. आम्ही तिघांनी घड्याळाकडे बघत अर्धा तास काढला. आईनं पन्हं आणलं, तेही कोणी प्यायलं नाही. आत्यानं किल्ली फिरवली आणि पिवळी अशी गरजली की चारही कामगार हातातलं टाकून बाहेर आले. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "हं." आणि आत गेले.

रविवारी सकाळी आमचा नंबर अकरावा. बायकांची गाडी आमची एकटीच. आत्यानं साडीला जागोजागी पिना मारल्या होत्या आणि डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्या मांडीवर पाटी, गळ्यात कॉलेजातून मागून आणलेलं स्टॉपवॉच. मी दर मैलाच्या दगडाला ओरडत होते, "आठ सेकंद पुढे! हळू!" आणि आत्या दातओठ खात म्हणत होती, "या गाडीले हळू चालवाचं म्हणजे पाप हाये." पळसाची झाडं, आर्णीचा पूल, गरम वारा, सगळं खिडकीतून सरकत होतं आणि मी आकड्यांत बुडालेली. तपासणीच्या तीनही ठिकाणी आम्ही जवळजवळ सेकंदावर होतो. महागावला पोचलो तेव्हा आम्ही दुसऱ्या क्रमांकावर असल्याचं फळ्यावर लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

बाजाराच्या मोकळ्या आवारात दोरी बांधून गाड्या उभ्या केल्या होत्या. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे सावली द्यायला कापसाच्या बैलगाड्याही नव्हत्या. आत्यानं किल्ली बंद केली आणि आम्ही खाली उतरलो. बोनेटवरची हवा थरथरताना दिसत होती. आम्ही दोरीबाहेर एका टपरीच्या सावलीला उभ्या राहिलो. चहाचे कप हातात तसेच. पिवळीची कीर्ती इथवर पोचलेली असावी, कारण आमच्या बाजूला गर्दी जास्त होती. एक जण मोठ्यानं म्हणाला, "ढकलाले पोट्टे बोलवू का, बाई?" आत्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं चहा संपवला आणि कप टपरीवर ठेवला.

पुकारा झाला. शिट्टी हातात घेतलेले एक निवृत्त पीटी मास्तर आमच्या खिडकीशी आले. "एक मिनिट. सुरू!"

किल्ली फिरली. इंजिन जोमानं फिरलं, पण पेट घेईना. आत्याचा पाय सवयीनं पेडल वरखाली करायला लागला. मी पाहिलं आणि किंचाळले, "पाय हलवू नको! दाबून धर! पूर्ण दाबून धर, आत्या!"

"दाबलं!"

"सोडू नको!"

"तीस सेकंद," मास्तर म्हणाले.

इंजिन एकदा खोकलं. पुन्हा फिरलं. मी डोळे मिटले होते. आणि मग आधी एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी, पिवळीनं श्वास घेतला. काळ्या धुराचा एक ढग मागच्या गर्दीवर गेला आणि ती डरकाळी त्या मोकळ्या आवारात भिंतीभिंतींवर आपटून परत आली. लोकांनी काय आरोळी ठोकली! मास्तरांनी शिट्टी वाजवली की नाही ते मला आठवत नाही. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा आत्या हसत होती, रडत होती, आणि मला सांगत होती की मी तिच्या कानात ओरडून तिला बहिरं केलं. सेकंदांचा हिशेब मी साफ विसरले होते.

आर्णी दहा-बारा मैल उरली असेल तेव्हा रस्त्याच्या कडेला पहिल्या क्रमांकाची गाडी उभी दिसली. यवतमाळचे एक वकील आणि त्यांची बायको, दोघं नव्या गाडीतून आले होते. गाडीतून वाफ येत होती, आणि वकीलसाहेब हात हलवत रस्त्याच्या मधोमध आले होते. त्यांच्या बायकोला दारातच भोवळ आली होती. आत्यानं ब्रेक मारला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि औषधांची पिशवी घेऊन धावली.

मी तिथेच बसून राहिले. आत्यानं गाडी बंद केली होती. न विचार करता, न माझ्याकडे बघता, जशी कोणीही आपली गाडी बंद करतं तशी. त्या घाईतही हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी तिच्यामागे धावले.

बाईंना आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत आडवं केलं. कातडी कोरडी, तापलेली, बोलणं असंबद्ध. आत्यानं आपल्या पाण्याच्या दोन बाटल्यांतली एक त्यांच्या अंगावर ओतली, मला पदरानं वारा घालायला लावला, शुद्ध येऊ लागली तेव्हा दुसरीत मीठसाखर घालून ते पाणी घोट घोट पाजलं. एक एक मिनिट जात होतं. दहा. बारा. पंधरा. पिवळीची सगळ्यात वाईट वेळ. आत्यानं नाडी पाहिली आणि उठली. "ऊन लागलं. इथं नाही भागत. आर्णीच्या दवाखान्यात न्या लागते, आत्ताच्या आत्ता."

वकीलसाहेबांनी पिवळीकडे पाहिलं. त्यांनाही ती ठाऊक होती. "पण बाई, तुमची गाडी..."

"बसा तुम्ही," आत्या म्हणाली.

बाईंचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. मी पाहिलं, आत्याचा पाय पेडलवर गेला, पूर्ण दाबला गेला आणि तिथंच राहिला. किल्ली फिरली. एक वळसा, दोन वळसे, आणि पिवळी उठली. आत्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुजे, घड्याळ बंद कर. आता मले सांगू नको किती सेकंद पुढं हाये."

मग त्या गाडीनं काय धाव घेतली! ज्या कामासाठी तिच्यात दोन कार्ब्युरेटर घातले होते ते काम तिला पहिल्यांदा मिळालं होतं. दोन ट्रक आणि एक एसटी आम्ही मागे टाकली. एसटीच्या खिडकीतली तोंडं मला अजून दिसतात. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं. बाई शुद्धीवर येऊन, आपली चप्पल कुठं गेली, असं नीट विचारू लागल्या तेव्हाच आत्या तिथून हलली.

यवतमाळला पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. बक्षिसं वाटून झाली होती. आमच्या नावापुढं "आले नाहीत" असं लिहिलं होतं. पुढे त्या बाई बऱ्या होऊन घरी आल्या, पेढे घेऊन आमच्याकडेही येऊन गेल्या, पण त्या संध्याकाळी हे कोणाला ठाऊक असणार! बाबा सायकल धरून रस्त्यावर उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांना वाटलं, महागावलाच बाद झालो. मी धावत जाऊन सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "रस्त्यात किती वेळ बंद होती?"

"पंधरा-सोळा मिनिटं."

"अन् एकाच सेल्फमध्ये?"

"एकाच."

त्यांना तेवढं पुरलं. सायकलवर बसून आमच्या आधी घरी निघाले.

सोमवारी अमरावतीचा माणूस आला. बाबांनी त्याला खुर्ची दिली, पन्हं दिलं, यंदाचं ऊन किती आहे यावर बोलले आणि मग त्याला फाटकापर्यंत पोचवून आले. आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. परत येताना बाबांनी शेडमधून एक कूलरचा पंप उचलला. आर्णीच्या गिऱ्हाईकाला तो पोचवायचा होता. अशा कामाला ते कायम एसटीनं जायचे. त्या दिवशी मात्र ते अंगणातून सरळ पिवळीकडे गेले, दार उघडलं, पंप मांडीवर घेऊन बसले आणि समोर बघत म्हणाले, "शांते, मले आर्णीले जाचं हाये. सोडून देतं का?"